किनारा राखायचा की समुद्र गाजवायचा?

१९१२ च्या जानेवारीत स्वीडनमध्ये एका युद्धनौकेसाठी लोकवर्गणी सुरू झाली. आदल्या वर्षी तिथल्या पार्लमेंटने ‘एफ-बोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नव्या चिलखती जहाजाला मंजुरी दिली होती. मग निवडणूक झाली, उदारमतवादी कार्ल स्टाफ पंतप्रधान झाले आणि त्यांनी ते बांधकाम थांबवलं. संरक्षणखर्चाचा नव्याने आढावा घेऊ, तोवर थांबा, अशी त्यांची भूमिका होती. चर्चच्या युवक चळवळीतला मानफ्रेड ब्योर्कक्विस्ट नावाचा तरुण कार्यकर्ता पुढे झाला आणि म्हणाला, सरकार देत नसेल तर आपण देऊ. जहाजाला १ कोटी २० लाख क्रोनर लागणार होते. तीन-साडेतीन महिन्यांत दीड कोटीहून जास्त जमले. तिबेट आणि मध्य आशियातल्या प्रवासांमुळे आपल्याकडेही ज्याचं नाव परिचित आहे त्या स्वेन हेडिनने रशियाच्या धोक्याबद्दल एक पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर पोचली.

लोकांनी एवढा जीव टाकून घेतलेलं हे जहाज होतं तरी कसं? ‘स्वेरिये’ नावाची ही नौका सुमारे सात हजार टनांची होती आणि तिच्यावर २८ सेंटिमीटर व्यासाच्या चार मुख्य तोफा होत्या. त्याच १९१२ साली ब्रिटनने ‘क्वीन एलिझाबेथ’ या बॅटलशिपचं काम हाती घेतलं. तिचं वजन २७,५०० टन, तोफा आठ आणि प्रत्येकीचा व्यास ३८ सेंटिमीटर. स्वीडनला ज्याची धास्ती होती तो रशिया सेंट पीटर्सबर्गला ड्रेडनॉट जातीच्या चार बॅटलशिप बांधत होता. त्यांतली प्रत्येक सुमारे २३ हजार टनांची, ३०.५ सेंटिमीटरच्या बारा-बारा तोफांची. अशा शत्रूसमोर सात हजार टनांची नौका उभी करणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं नाही का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. माझं उत्तर सरळ आहे: स्वीडिश लोकांनी योग्य जहाज घेतलं. का, ते समजायचं तर आधी जहाजाच्या पोटात शिरावं लागेल.

कोणतीही युद्धनौका म्हणजे वजनाचा जमाखर्च असतो. तोफा, चिलखत, इंजिनं आणि इंधन अशी चार मोठी खाती. एकूण वजन ठरलं की एका खात्यात टाकलेला टन दुसऱ्या खात्यातून काढावा लागतो. किनाऱ्याचं रक्षण करणारं जहाज इंधनाच्या खात्यात काटकसर करतं, कारण त्याला बंदरापासून फार लांब जायचं नसतं. दुसरी काटकसर उंचीत. जहाजाची बाजू पाण्याच्या वर जितकी कमी, तितकं झाकायला लागणारं चिलखत कमी. म्हणून किनाऱ्याची जहाजं बुटकी असतात. या दोन काटकसरींतून जे टन वाचतात ते तोफांना आणि जाड पोलादाला मिळतात. छोट्या अंगावर मोठी तोफ बसते ती अशी.

पण बुटक्या जहाजावर लाटा थेट चढतात. खुल्या समुद्रात त्याची पुढची तोफ पाण्याने झाकोळते, डेकवर माणूस उभा राहू शकत नाही, नेम धरणं अवघड होतं. कोळसा कमी म्हणून पल्ला कमी. पल्ला कमी म्हणून लढाई कुठे आणि कधी व्हायची हे शत्रू ठरवतो. महासागरी बॅटलशिप याच्या उलट असते. तिच्याकडे उंची, कोळसा, वेग, सगळं असतं आणि त्यामुळे ती अवाढव्य होते. तिला खोल बंदर लागतं, मोठी कोरडी गोदी लागते, शेकडो तरबेज माणसं लागतात. हा खर्च जहाजाच्या किमतीत दिसत नाही, नंतर वर्षानुवर्षं भरावा लागतो.

दोन्ही डगरींवर हात ठेवायचा प्रयत्न अमेरिकेने करून पाहिला. १८९० साली आल्फ्रेड माहन या नौदल अधिकाऱ्याचं समुद्री सत्तेवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. किनाऱ्यावर पहारा देत बसून किनारा राखता येत नाही, शत्रूचं आरमार खुल्या समुद्रात गाठून मोडलं पाहिजे, हे त्याचं सांगणं. नौदलाला हे पटत होतं. पण काँग्रेसमधल्या अनेकांना परक्या समुद्रावर जाणारं आरमार नको होतं. तोडगा निघाला तो नावात. ‘इंडियाना’, ‘मॅसॅच्युसेट्स’ आणि ‘ऑरेगॉन’ या तीन नौकांना ‘समुद्रात जाऊ शकणाऱ्या किनारी बॅटलशिप’ असं म्हटलं गेलं. सुमारे १० हजार टनांच्या जहाजावर ३३ सेंटिमीटरच्या चार तोफा बसवल्या आणि बाजू बुटकी ठेवली. हिशेब ४०० टन कोळशाचा धरला होता. प्रत्यक्षात जहाजात १,६०० टनांपर्यंत कोळसा मावत होता आणि तो सगळा भरला की जहाज इतकं खाली बसायचं की पाण्याच्या रेषेवर संरक्षणासाठी लावलेला चिलखताचा जाड पट्टाच पाण्याखाली जायचा. १८९६ मध्ये खवळलेल्या समुद्रात ‘इंडियाना’च्या तोफबुरुजांना जखडणारे खिळे तुटले आणि शेकडो टनांचे ते बुरूज जहाजाच्या हेलकाव्याबरोबर आपोआप फिरू लागले. खलाशांनी जाड दोरखंड टाकून ते कसेबसे आवळले.

तरीही यांच्यातल्याच ‘ऑरेगॉन’ने जो प्रवास केला त्याला तोड नाही. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध तोंडावर आलं तेव्हा ती पॅसिफिकच्या बाजूला होती आणि लढाई अटलांटिकच्या बाजूला होणार होती. पनामा कालवा अजून व्हायचा होता. १९ मार्चला सॅन फ्रान्सिस्को सोडून, अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा घालून, १४ हजार सागरी मैलांहून जास्त अंतर कापून ती ६६ दिवसांत फ्लोरिडाला पोचली. बॉयलरला खारं पाणी लागू नये म्हणून जहाजावर तयार होणारं गोडं पाणी बॉयलरसाठी राखलं जाई आणि माणसं त्यात काटकसर करत. भट्टीपाशी कोळसा मारणाऱ्यांचे हाल वाचताना अंगावर काटा येतो. जुलैमध्ये क्यूबातल्या सांतियागोच्या लढाईत ती पहिल्या फळीत होती. पनामा कालवा हवाच, हे अमेरिकन जनतेला या प्रवासाने पटवलं. म्हणजे जहाजाच्या आराखड्याने जे नाकारलं होतं ते खलाशांनी अंगमेहनतीने भरून काढलं. दरवेळी असं होईल यावर कोणत्याही देशाने विसंबू नये.

त्याच वर्षी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काय चाललं होतं तेही पाहण्यासारखं आहे. स्पॅनिश अ‍ॅडमिरल सेर्वेराचा ताफा अटलांटिकमध्ये नेमका कुठे आहे ते कळेना. किनाऱ्यावरची शहरं घाबरली. प्रत्येकाला आपल्या बंदरासमोर जहाज हवं होतं. यादवी युद्धाच्या काळातली, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची जुनाट मॉनिटर जहाजं पुन्हा बाहेर काढावी लागली आणि चांगल्या जहाजांचा एक ताफा नुसत्या पहाऱ्यासाठी बाजूला ठेवावा लागला. किनारी जहाजांच्या बाजूने होणाऱ्या राजकारणाचं मूळ इथे आहे. लांब समुद्रात आपलं आरमार जिंकतंय हे मतदाराला दिसत नाही, बंदरात उभं असलेलं जहाज दिसतं.

किनाऱ्याचं जहाज चुकीच्या कामाला जुंपलं की काय होतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण रशियाचं आहे. ‘अ‍ॅडमिरल उशाकोव्ह’, ‘अ‍ॅडमिरल सेन्याविन’ आणि ‘जनरल-अ‍ॅडमिरल अप्राक्सिन’ या तिघी चार-साडेचार हजार टनांच्या, उथळ बाल्टिकसाठी बांधलेल्या. स्कँडिनेव्हियातल्या छोट्या चिलखती जहाजांना तोंड देण्याचा विचार त्यांच्या रचनेमागे होता. (यातली ‘अप्राक्सिन’ १८९९ मध्ये गोगलांड बेटाच्या खडकांवर चढली तेव्हा तिच्या सुटकेच्या कामी अलेक्झांडर पोपोव्हचं बिनतारी यंत्र वापरलं गेलं. बिनतारी संदेशांच्या अगदी सुरुवातीच्या उपयोगांपैकी तो एक.) १९०५ मध्ये जपानशी युद्ध हरत चाललं होतं. आधी गेलेला अ‍ॅडमिरल रोझेस्टव्हेन्स्कीचा ताफा पुरणार नाही म्हणून लोकांचा आणि वर्तमानपत्रांचा दबाव वाढला आणि या तीन जहाजांना नेबोगातोव्हच्या हाताखाली अर्धं जग ओलांडून पूर्वेला धाडलं गेलं. खुद्द रोझेस्टव्हेन्स्कीला ही लोढणी नको होती.

सुएझमार्गे, हिंदी महासागर पार करून ती पोचली हेच नवल. २७ मे १९०५ ला त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत लढाई झाली. पहिल्याच दिवशी ‘उशाकोव्ह’च्या नाळेला भोकं पडली, पाणी शिरलं, वेग मंदावला आणि रात्रीच्या अंधारात ती मागे पडली. दुसऱ्या दिवशी दोन जपानी चिलखती क्रूझरनी तिला गाठून शरण येण्याचा संदेश दिला. कप्तान व्लादिमीर मिक्लुखो-माक्लायने तोफांनी उत्तर दिलं, पण त्याचे गोळे पोचत नव्हते आणि जपान्यांचे पोचत होते. शेवटी खलाशांनी जहाज आपणच बुडवलं आणि कप्तानही वाचला नाही. उरलेल्या दोघी नेबोगातोव्हबरोबर शरण गेल्या आणि जपानी आरमारात नव्या नावांनी दाखल झाल्या. या जहाजांच्या माणसांना दोष देता येत नाही. दोष आहे तो नुसती जहाजं मोजून आरमाराची ताकद ठरवणाऱ्यांचा.

उलटी चूक ब्राझीलने केली. कॉफी आणि रबराच्या पैशांवर त्याने ब्रिटनकडून दोन ड्रेडनॉट बांधून घेतल्या. १९१० मध्ये ‘मिनास जेराइस’ आली तेव्हा ती जगातल्या सर्वांत ताकदवान नौकांपैकी होती. अर्जेंटिना आणि चिलेही त्या नादाला लागले. पण ज्या खलाशांनी ही यंत्रं चालवायची त्यांना अजून चाबकाचे फटके मिळत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जोआओ कांदिदोच्या पुढाकाराने खलाशांनी जहाजं ताब्यात घेतली आणि देशाच्या प्रतिष्ठेसाठी आणलेल्या तोफा देशाच्याच राजधानीवर, रिओवर रोखल्या. पुढे पहिल्या महायुद्धात ब्राझीलने आपल्या बॅटलशिप ब्रिटिश ताफ्यासोबत पाठवायची तयारी दाखवली, पण देखभालीअभावी त्यांची स्थिती इतकी खालावली होती की ब्रिटनने नको म्हटलं.

आता नॉर्वे. हा देश मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. १९०० च्या सुमाराला त्याने ‘नोर्गे’ आणि ‘आइड्सव्होल्ड’ या चार हजार टनांच्या दोन किनारी नौका घेतल्या. त्या काळाच्या मानाने उत्तम. त्यांच्या जोडीला आणखी दोन नव्या नौका इंग्लंडमध्ये बांधायला टाकल्या, पण पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि ब्रिटनने त्या स्वतःसाठी ठेवून घेतल्या. नॉर्वेने त्यांच्या जागी नव्या कधीच बांधल्या नाहीत. त्यामुळे ९ एप्रिल १९४० च्या पहाटे नार्विकला उभी होती ती चाळीस वर्षांची म्हातारी जहाजं.

बर्फ पडत होतं. समोरचं धड दिसत नव्हतं. जर्मन विनाशिका ‘विल्हेल्म हाइडकाम्प’ जवळ आली आणि तिच्यावरचा एक अधिकारी छोट्या बोटीतून ‘आइड्सव्होल्ड’वर बोलणी करायला आला. आम्ही मित्र म्हणून आलोय, जहाज ताब्यात द्या, असा त्याचा सूर. कप्तान विलोकने बंदरात असलेल्या ‘नोर्गे’वरच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला बिनतारीवरून विचारलं. हुकूम आला: लढा. विलोकने तसं जर्मन अधिकाऱ्याला सांगितलं. ती बोट दूर झाली आणि तिच्यातून लाल दिव्याची खूण उडाली. या बोलण्यात गेलेल्या मिनिटांत विनाशिकेने मोक्याची जागा धरली होती. टॉर्पेडो लागले, जहाजाचे दोन तुकडे झाले. मुख्य तोफेचा एकही गोळा सुटला नव्हता. काही वेळाने बंदरात ‘नोर्गे’ने बर्फाच्या पडद्यातून काही गोळे झाडले, ते लागले नाहीत, आणि तीही टॉर्पेडोंनी उलटली. दोन्ही मिळून सुमारे पावणेतीनशे माणसं गेली.

यावरून किनारी जहाज ही कल्पनाच फोल, असा निष्कर्ष अनेकजण काढतात. मला तो मान्य नाही. त्याच पहाटे शेकडो मैल दक्षिणेला, ऑस्लोच्या खाडीत, ऑस्कार्सबोर्ग किल्ल्यावर कर्नल बिर्गर एरिक्सनने वरच्या हुकमाची वाट पाहिली नाही. एकोणिसाव्या शतकातल्या २८ सेंटिमीटरच्या तोफा आणि पाण्याखालचे जुने टॉर्पेडो यांनी त्याने जर्मनीची नवी कोरी क्रूझर ‘ब्ल्युशर’ बुडवली. शस्त्रं तिथलीही जुनीच होती. किनाऱ्याचं रक्षण अगदी जवळच्या अंतरावर, काही मिनिटांत होतं. ज्याने आधी ठरवून ठेवलेलं असतं त्याचं साधतं. नार्विकच्या जहाजांना नव्या तोफा हव्या होत्या, विमानविरोधी शस्त्रं हवी होती, आणि सर्वांत आधी हवा होता आगाऊ दिलेला स्पष्ट हुकूम. यातलं काहीच त्यांच्या देशाने त्यांना दिलं नाही.

फिनलंडने हे काम नीट केलं. ‘इल्मारिनेन’ आणि ‘व्हॅनॅमॉइनेन’ या १९३० च्या आसपास तुर्कूला बांधलेल्या जेमतेम ३,९०० टनांच्या नौकांवर २५.४ सेंटिमीटरच्या चार-चार तोफा होत्या. खुल्या समुद्रात त्या बेसुमार डोलत. पण त्यांना बेटांच्या, खडकांच्या दाटीत लपायचं होतं. १९४१ मध्ये ‘इल्मारिनेन’ला शत्रूचं लक्ष वेधण्याच्या बनावट मोहिमेवर खुल्या समुद्रात काढलं आणि ती सुरुंगांवर आपटून काही मिनिटांत बुडाली. २७१ माणसं गेली. ‘व्हॅनॅमॉइनेन’ बेटांतच राहिली. जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत विमानांनी तिच्यासाठी कोत्का बंदरावर मोठा हल्ला केला. शंभराहून अधिक विमानं आली आणि त्यांनी जे जहाज बुडवलं ते होतं ‘नियोबे’ हे दुसरंच जर्मन जहाज. एका छोट्या नौकेने बलाढ्य शत्रूचं इतकं बळ अडकवून ठेवावं, याहून मोठं यश किनारी जहाजाचं असू शकत नाही.

स्वीडनचा हिशेब याच जातीचा होता. ‘स्वेरिये’ला पाणी लागायचं सहा-साडेसहा मीटर, रशियन ड्रेडनॉटला सुमारे नऊ. स्टॉकहोमसमोर हजारो बेटांचं जाळं आहे. त्यातल्या वाटा ओळखणारं बुटकं जहाज आत थांबू शकतं, मोठ्याला बाहेर थांबावं लागतं. कोकणच्या खाड्यांत आंग्र्यांच्या गुराबांनी आणि गलबतांनी मोठ्या फिरंगी जहाजांना याच पद्धतीने जेरीस आणलं होतं. या पद्धतीची मर्यादाही तिथेच दिसली. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचा ताफा थेट विजयदुर्गात घुसला आणि खाडीत उभं असलेलं तुळाजी आंग्र्यांचं आरमार एका दिवसात जळालं. स्वीडनलाही ही मर्यादा ठाऊक होती. त्याला रशिया हरवायचाच नव्हता. स्वारी करायची तर जुन्या क्रूझरवर भागणार नाही, मौल्यवान बॅटलशिप पणाला लावाव्या लागतील, एवढंच रशियाला जाणवून द्यायचं होतं. आणि रशियाला त्या बॅटलशिप जर्मनीविरुद्ध राखायच्या होत्या. १९१४ मध्ये आणखी दोन भगिनी नौका मंजूर झाल्या. स्वीडन दोन्ही महायुद्धांतून बाहेर राहिला, त्याचं सगळं श्रेय या तीन जहाजांना देणं खोटं ठरेल. पण एका ड्रेडनॉटच्या नादात कर्जबाजारी न होता त्याला तिन्ही चालवता आल्या, खलाशी तयार ठेवता आले, हे खरं.

भारताने १९७१ मध्ये या दोन प्रकारांची जी सांगड घातली ती मला फार मोलाची वाटते. सोव्हिएत युनियनकडून घेतलेल्या क्षेपणास्त्रवाहू बोटी किनाऱ्याच्या रक्षणासाठी होत्या. पल्ला छोटा, अंग छोटं, मारा जबर. ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपट’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन बोटींनी कराचीवर हल्ला केला. सोबत ‘किल्तान’ आणि ‘कच्छल’ ही मोठी जहाजं होती आणि इंधन द्यायला ‘पोषक’. लहान बोटीचा पल्ला मोठ्या जहाजांनी वाढवला. पाकिस्तानची विनाशिका ‘खैबर’ बुडाली. दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन होतो तो याच हल्ल्याच्या आठवणीत.

त्याआधी सुमारे शंभर वर्षं मुंबईला स्वतःची किनारी जहाजं मिळाली होती. ब्रिटिश आरमार जगात पहिल्या क्रमांकाचं होतं, पण ते जगभर पसरलेलं. शत्रू अचानक मुंबईसमोर आला तर? म्हणून इंडिया ऑफिसने खास या बंदरासाठी ‘मॅग्डाला’ आणि ‘अ‍ॅबिसिनिया’ या दोन बुटक्या, बुरुजांवर तोफा असलेल्या नौका बांधून घेतल्या. ‘अ‍ॅबिसिनिया’ खर्च वाचवायला थोडी लहान केली. नावं आली ती १८६७-६८ च्या हबसाणावरच्या, म्हणजे अ‍ॅबिसिनियावरच्या, मोहिमेतून, जिचा सेनापती बॉम्बे आर्मीचा रॉबर्ट नेपियर होता. इतक्या बुटक्या जहाजाला महासागर ओलांडायचा म्हणून ‘मॅग्डाला’वर तात्पुरत्या डोलकाठ्या उभारून तिला इकडे आणलं. मग तीस वर्षं दोघी मुंबईतच राहिल्या, अधूनमधून तोफांचा सराव करायला बाहेर पडायच्या तेवढ्याच. मुंबईवर कोणी चालून आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या विकून टाकल्या गेल्या आणि शहर त्यांना विसरलं.

‘मॅग्डाला’ची सख्खी बहीण ‘सर्बेरस’ मेलबर्नच्या रक्षणासाठी गेली होती. १९२६ मध्ये तिला ब्लॅक रॉकजवळ लाटा अडवायला बुडवून ठेवलं, ती अजून तिथे आहे, तोफबुरुजांसकट. मेलबर्नमध्ये मराठी माणसं पुष्कळ आहेत. त्यांनी आणि त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी एकदा हाफ मून बेवर जाऊन ती जरूर पाहावी. मुंबई बंदराची राखण कशावर सोपवली होती ते तिथे प्रत्यक्ष दिसतं.